शंभरातली चांदी

६ जानेवारी, सोमवार

चिल्लर,

मायना वाचून आठ्या घालू नकोस. ‘चिरंजीव’ लिहायला गेले तर हात अडला, ‘सचिवसाहेब’ लिहायला गेले तर हसू आलं. शेवटी बाबांनी ठेवलेलं नावच उरलं. तीन वर्षांत मी तुला एक ओळ लिहिली नाही, आणि आजही लिहिली नसती. पण गेल्या चार दिवसांत तुझ्या कर्ज विभागातून आमच्या संग्रहालयात पाच फोन आले, आणि पाचही फोन माझ्या एका तक्त्याबद्दल होते. तेव्हा म्हटलं, मधल्या माणसांचा जीव टांगणीला लावण्यापेक्षा सरळ तुझ्याशीच भांडावं.

तक्ता कुठला ते तुला माहीत आहे. तरी सांगते, म्हणजे उद्या ‘माझ्यापर्यंत काही आलंच नव्हतं’ म्हणून हात वर करायला नकोत. नाण्यांच्या दालनात मी नवं प्रदर्शन लावलं आहे. एका बुडालेल्या साम्राज्याची नाणी, पाच राजवटी, दोनशे वर्षं. त्या सम्राटांची लांबलचक नावं यादीत आहेत, पण आमच्या खोलीत आम्ही त्यांना दाढीवाला, नाकाड्या, जुळे, घाबरट आणि मुकुट्या म्हणतो. भिंतीवर तक्ता आहे: नाण्याचे शंभर भाग धरले तर त्यात चांदी किती. दाढीवाल्याच्या नाण्यात पंचाण्णव. नाकाड्याच्या ऐंशी. पुढे उतरतच जातं.

गंमत म्हणजे चांदी जसजशी उतरते तसतसा मुकुट वाढतो. दाढीवाल्याच्या डोक्यावर साधी पानांची माळ आहे. मुकुट्याच्या डोक्यावर एवढे काटे आहेत की बिचाऱ्याला मान वळवता येत नसेल. आणि कडेला अक्षरं कोरली आहेत, ‘समृद्धी’. दाढीवाल्याला ते लिहायची गरज पडली नव्हती.

तक्त्याच्या शेवटच्या ओळीत मी आजचं सरकार लिहिलं आहे. शंभर जमा होतात, त्यातले सत्तावीस जुन्या कर्जाच्या व्याजात जातात, उरतात त्र्याहत्तर. आकडा माझ्या मनाचा नाही. तुमच्याच अंदाजपत्रकाच्या पुस्तिकेतला आहे, पान अकरा, आणि तसं मी खाली बारीक अक्षरात लिहिलंसुद्धा आहे.

संचालक शुक्रवारी घाम पुसत खाली आले. म्हणाले, “बाई, ती शेवटची ओळ काढा. वरून फोन आलाय. पुढच्या महिन्यात सरकार कर्जरोखे विकायला काढतंय, अशा वेळी हे बरं दिसत नाही.”

मी म्हटलं, “काढते की. लेखी द्या.”

“अहो, फोनवर सांगितलंय त्यांनी.”

“मग फोनलाच सांगा काढायला.”

तुला आमच्याकडची पद्धत माहीत आहे. भिंतीवरचा साधा खिळा काढायचा असला तरी सुताराला सहीचा कागद लागतो. हा सुतार तीस वर्षं इथे आहे आणि एकदा तोंडी हुकमावर कपाट हलवून तोंडघशी पडलेला आहे. तो संचालकांसमोर पेचकस हातात घेऊन उभा राहिला आणि म्हणाला, “मी तयारच आहे साहेब. कागद आणा, दोन मिनिटांत उतरवतो.” संचालक कागद आणायला गेले ते अजून आलेले नाहीत. वर कोणी सही करायला तयार नाही.

मी एकतीस तारखेला निवृत्त होते. तोवर तक्ता जागेवर राहील. तुझ्या माणसांना फोन करायला लावून दमवू नकोस.

ताई

१५ जानेवारी, बुधवार

चिल्लर,

तुझं पत्र मिळालं. टाइप केलेलं, अर्धं पान, मायना ‘महोदया’. आपल्या घरात मला महोदया म्हणणारा तू पहिलाच. सही मात्र तुझ्या हातची आहे, म्हणून दोनदा वाचलं.

आधी तुझा मुद्दा. तू लिहितोस, ‘तक्त्यातील चांदीचे प्रमाण यंत्राने केवळ पृष्ठभागावर मोजलेले असून ते ग्राह्य धरता येत नाही.’ वाचताना कानाच्या पाळ्या गरम झाल्या. तुझं बरोबर आहे.

टांकसाळीत चाळीस वर्षं कस तपासणाऱ्याची मी मुलगी, आणि ही चूक माझ्याकडून व्हावी! हलक्या चांदीचं नाणं पाडण्याआधी भट्टीत तापवून आम्लात बुडवतात. वरवरचं तांबं निघून जातं, चांदी मागे राहते, आणि नाणं पांढरं शुभ्र दिसतं. ‘तोंड धुऊन बाजारात पाठवलंय’ असं बाबा म्हणायचे. आमचं यंत्र फक्त ते धुतलेलं तोंड बघतं. मला हे ठाऊक होतं. पण यंत्राच्या पडद्यावर आकडा उमटतो, दशांश चिन्हापुढे तीन घरं, आणि एवढा नेमका आकडा बघून मी भाळले. आतलं मोजायचं तर नाणं कापावं लागतं, आणि संग्रहालयातल्या नाण्यावर साधी रेघ ओढली तरी नोकरी जाते. म्हणून मी आतल्याचा विचारच टाळला.

तुझ्या विभागातल्या कुणाला हे सुचलं नसतं. हे तुलाच सुचलं. बाबा आपल्याला पाठमोरं बसवून टेबलावर नाणी टाकायचे, आठवतं? खणखणीत की बद्द, ते ओळखायचं. मी दहातली सात ओळखायचे, तू दहाच्या दहा. तुझा कान माझ्यापेक्षा चांगला होता, हे मी आज पहिल्यांदा कबूल करते आहे. उतू नकोस.

आता तुझा दुसरा परिच्छेद. ‘कर्ज म्हणजे भेसळ नव्हे. कर्जातून रस्ते, दवाखाने, शाळा उभ्या राहतात. शिवाय साम्राज्य केवळ नाण्यांमुळे बुडाले असे कोणताही जाणकार म्हणणार नाही.’ मान्य. दोन्ही मान्य. ते साम्राज्य रोगराईने, सीमेवरच्या लढायांनी आणि वारसांच्या मारामाऱ्यांनीही पोखरलं होतं. आणि मी स्वतः या घरासाठी कर्ज काढलं होतं, मी काही बुडाले नाही.

पण तू त्या सम्राटांना मूर्ख समजतोस, तिथे आपलं जमत नाही. ते मूर्ख नव्हते रे. प्रत्येकासमोर खरा खर्च होता. सैनिकांचा पगार थकला होता, पूल पडला होता. प्रत्येकाने थोडीशीच चांदी कमी केली आणि पुढच्या वर्षी भरून काढू म्हटलं. नाकाड्याने तर एका वर्षी खरंच भरून काढली होती, ती नाणीही मी मांडली आहेत. माझं भांडण त्यांच्या तंगीशी नाही. चांदी कमी करून वर तोंड धुऊन पाठवलं आणि ‘समृद्धी’ लिहिलं, त्याच्याशी आहे.

आणि हा शब्द तूही वापरलास. तीन वर्षांपूर्वी पेन्शनरांची थकबाकी रोख द्यायच्या ऐवजी दहा वर्षांचे रोखे हातात ठेवलेत, त्यांचं नाव काय होतं? समृद्धी रोखे. परिपत्रकावर सही तुझी. बाबा तेव्हा एक्याऐंशी वर्षांचे होते. कागद वाचून म्हणाले, “दहा वर्षांनी पैसे देणार म्हणताहेत. सरकारचा माझ्या तब्येतीवर फारच विश्वास दिसतोय.” दोन महिन्यांनी गेले. शेवटच्या महिन्यात त्यांनी तुझं नावही काढलं नाही, हे मी तुला तेव्हाही सांगितलं होतं.

तक्ता चुकला आहे हे मी मान्य केलं. चुकलेला तक्ता उतरवावा असं तू सुचवतोस. मी तो दुरुस्त करीन.

ताई

२२ जानेवारी, बुधवार

चिल्लर,

बाबांचं नाणं मी कापलं.

तेच, घाबरटाचं. बाबांनी पहिल्या पगारातून घेतलेलं, नेहमी शर्टाच्या खिशात असणारं. ते गेल्यावर तू मागितलं होतंस आणि मी दिलं नव्हतं. संग्रहालयाच्या नाण्यांना हात लावता येत नाही, पण हे माझ्या घरचं आहे, आणि राजवट तीच.

सुताराने पकडीत कापड घालून नाणं धरलं, सोनारी करवतीचं पातं बसवलं आणि माझ्याकडे बघून म्हणाला, “बाई, नक्की ना? नंतर जोडता यायचं नाही.” मी म्हटलं, “चालव.” पाच मिनिटं लागली. पातं आत गेल्यावर पकडीखाली भुगा पडला. लालसर होता. बाहेरून यंत्राने अडतीस सांगितले होते. कापलेल्या बाजूवर यंत्र धरलं तर चार. शंभरात चार, चिल्लर. बाकी तांबं.

बाबांना हे माहीत असणार. टेबलावर तेच एक नाणं बद्द वाजायचं आणि तेच ते मुद्दाम शेवटी टाकायचे. मी दर वेळी फसायचे.

तर तक्ता दुरुस्त केला आहे. आता दोन रकाने आहेत, ‘वरून’ आणि ‘आतून’. घाबरटापुढे लिहिलं आहे, वरून अडतीस, आतून चार. ज्या राजवटींची नाणी कापता आली नाहीत तिथे ‘आतून’ची जागा रिकामी ठेवली आणि खाली सरळ लिहिलं, ‘पूर्वीचा तक्ता चुकीचा होता, चूक नाणेदालनाच्या अभिरक्षकांची.’ अभिरक्षक म्हणजे मी. लोक थांबून ते वाचतात. चूक कबूल केलेली पाटी त्यांनी कधी बघितलेली नसावी.

आता तुझ्याकडे वळते. शेवटच्या ओळीत आजचं सरकार आहे. वरून, त्र्याहत्तर. आतून, रिकामं.

कारण तुमचा आकडाही वरूनच मोजलेला आहे. बाबांच्या रोख्यांसारखे सगळे रोखे, कंत्राटदारांची थकलेली बिलं, महामंडळांच्या नावावर काढलेली कर्जं, यातलं काहीही पान अकरावर नाही. मी पुस्तिका तीनदा चाळली. ते सगळं धरलं तर शंभरातले किती उरतात, हे सांगू शकणारी माणसं या देशात चार-पाच असतील, आणि त्यातलं एक लहानपणी माझ्या शेजारी पाठमोरं बसून नाणी ऐकायचं. मी माझं कापलं. तुझं तू काप.

संचालकांनी काल बंद दाराआड बोलावलं होतं. या वेळी घाम नव्हता, आवाज मऊ होता. “बाई, तुमच्या चांगल्यासाठी सांगतो. दहा दिवस राहिलेत. आत्ता चौकशी लागली तर पेन्शन अडकेल. वर्ष, दोन वर्षं, सांगता येत नाही. तुमचं दुसरं काय आहे?”

दुसरं काही नाही, हे खरं आहे. दोन खोल्या आणि बाबांचे रोखे, सात वर्षांनी पिकणारे. घरी येऊन हिशेब केला. पेन्शन न येता शिल्लक चौदा महिने पुरेल, दूध आणि वर्तमानपत्र बंद केलं तर सोळा. भीती वाटली, खोटं कशाला बोलू. रात्रभर कूस बदलत होते.

सकाळी जाऊन संचालकांना म्हटलं, चौकशी लावायची तर लेखी लावा, आणि कारणाच्या जागी लिहा की बाईंनी सरकारचाच छापील आकडा भिंतीवर लावला. त्यांनी लगेच दुसरी फाईल उघडली.

ही धमकी तू पाठवलीस का, हे मी विचारणार नाही. पाठवली असशील तर कळू दे की ती पोचली, आणि तक्ता जागेवर आहे.

ताई

२५ जानेवारी, शनिवार

चिल्लर,

हे पत्र तक्त्याबद्दल नाही.

चूक कबूल केलेली ती पाटी मी रोज येता-जाता वाचते, आणि चार दिवस झाले, मला तिच्यासमोर उभं राहवत नाही. भिंतीवर एक चूक कबूल करून मी मोठी शूर झाले, आणि दुसरी तीन वर्षं खिशात घेऊन फिरते आहे.

बाबांनी शेवटच्या महिन्यात तुझं नाव काढलं नाही, हे खोटं आहे. तू त्यांना शेवटचं पोचवायला आलास, तेव्हा मी ते तुला चारचौघांत सांगितलं. त्यावर ‘रोख्यांची मुदत संपायच्या आतच कसा आलास?’ असंही विचारलं. बूट घातलेस आणि गेलास. मला तेव्हा बरं वाटलं होतं. खूप बरं वाटलं होतं.

बाबा जायच्या आधी नऊ दिवस, दुपारी, मी त्यांच्या उशा नीट करत होते. ते म्हणाले ते मी जसंच्या तसं लिहिते, कारण मला एक शब्दही विसरता आलेला नाही.

“चिल्लरला सांग, मी रागावलो नाहीये. तिजोरीत नाहीत तर तो कुठून देणार? त्याच्या जागी मी असतो तर मीही सही केली असती. फक्त ते समृद्धी-बिमृद्धी नाव नको होतं द्यायला. सरळ लिहायचं, आत्ता नाहीत, नंतर देतो. माणसं थांबली असती. आणि त्याला म्हणावं एकदा येऊन जा, नाणी टाकू.”

मी तुला बोलावलं नाही. मी उशाशी बसून त्यांना पाणी पाजत राहिले, त्यांचं औषध मोजत राहिले, आणि मनात म्हणत राहिले, सही करणाऱ्याला कसली भेट. त्यांनी दोनदा विचारलं, “कळवलंस का?” मी दोन्ही वेळा हो म्हटलं. ते तुझी वाट बघत गेले. तू आला नाहीस असं त्यांना वाटलं, आणि ते रागावले होते असं तुला वाटलं. दोन्हीकडे तोंड धुतलेलं नाणं मीच दिलं.

हे तुझं होतं. मी तीन वर्षं थकवलं. वर व्याज म्हणून द्यायला माझ्याकडे काही नाही. नाण्याचा अर्धा तुकडा या पाकिटात आहे, तो ठेव.

हा सौदा समजू नकोस. तक्त्यातली रिकामी जागा तू भरली नाहीस तरी हे तुझंच आहे, आणि तू मला माफ केलं नाहीस तरी. पण यामुळे मी नरमले असं तुझ्या विभागात कोणी समजत असेल तर त्याला सांग, तक्ता उतरणार नाही.

ताई

३१ जानेवारी, शुक्रवार

चिल्लर,

आज माझा शेवटचा दिवस होता. दुपारी मला पेन्शन विभागात बोलावलं होतं. तिथल्या कारकुनाने माझी फाईल काढली, उघडली, आतली चिठ्ठी वाचली आणि फाईल दुसऱ्या गठ्ठ्यात ठेवली. मी विचारलं, “काय झालं?” तो म्हणाला, “थांबवलीय. कारण लिहिलेलं नाही.” मी म्हटलं, “लिहिलेलं नसणारच.” तोही बिचारा हसला.

परत आले तर सुतार दालनाच्या दारात माझी वाट बघत उभा. तीस वर्षांत त्याला मी असा बावरलेला बघितला नव्हता. त्याने सांगितलं ते त्याच्याच शब्दांत देते.

“बाई, एक साहेब येऊन गेले. चष्मा, केस पिकलेले, एकटेच. तक्त्यासमोर अर्धा तास उभे. तुमच्या चुकीची पाटी दोन-तीनदा वाचली. मग खिशातून काहीतरी काढून टेबलावर टाकलं. मला वाटलं पडलं त्यांचं, उचलायला गेलो. तर ते अर्धं नाणं होतं. म्हणाले, राहू दे, आवाज ऐकतोय. मग पेन काढून तक्त्याकडे गेले. मी आडवा आलो. म्हटलं, साहेब, तक्त्याला हात लावायचा तर लेखी लागेल. तर म्हणाले, लेखीच देतोय.”

मी आत जाऊन बघितलं. शेवटची ओळ. वरून, त्र्याहत्तर. आतून, चोपन्न.

तुझा पाच अजून तसाच आहे, शेपूट लांब ओढलेला. खाली पूर्ण सही, पूर्ण नाव, हुद्दा, तारीख. एवढी मोठी सही तर तू परिपत्रकावरही केली नव्हतीस.

वेड्या, पुढच्या महिन्यात तुम्ही रोखे विकणार आणि तू हे लिहून गेलास. सोमवारी तुझी खुर्ची काढून घेतील. मी तिथेच बाकावर बसले आणि रडले, आणि सुतार उगाचच कपाटाच्या बिजागरीला तेल घालत राहिला. चोपन्न हा काही आनंदाचा आकडा नाही. पण घाबरटाच्या चारापेक्षा पुष्कळ मोठा आहे, आणि त्याच्या काळात चांदी चारावर येईपर्यंत खरा आकडा कोणी लिहिला नव्हता.

माझी पेन्शन अडकली, तुझी नोकरी अडकेल. माझी शिल्लक सोळा महिने पुरते, दोघांना आठ. खोल्या दोन आहेत, एक बाबांची. टेबल तेच आहे. तू ये. पाठमोरी मी बसते, नाणी तू टाक.

संचालक पाच वाजता धावत आले. आकडा बघितला, सही बघितली, आणि सुताराला म्हणाले, “पूस ते, आधी पूस!” तोवर सुताराने त्यावर काच बसवली होती. चार स्क्रू, चारही पुरते आवळलेले. तो पेचकस खिशात घालत म्हणाला, “काढतो की साहेब. लेखी द्या.”

तुझी
ताई